पिग्मीच्या फेरीत बारावी

मी एका पतपेढीची पिग्मी एजंट आहे. वरळी नाका ते प्रभादेवी या पट्ट्यातल्या दुकानांतून रोजचे पैसे गोळा करायचे, हातातल्या मशीनवर पावती काढून द्यायची आणि रात्री पेढीत भरणा करायचा. काम कमिशनवर. पेढीत क्लार्कची जागा निघाली तेव्हा मॅनेजर म्हणाले, "मॅडम, काम तुम्हाला सगळं येतं, पण कागदावर बारावी लागते." माझ्या कागदावर दहावी. अकरावीत लग्न ठरलं आणि पुढचं तिथंच राहिलं. म्हणून २०२४ च्या पावसाळ्यात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, मी १७ नंबरचा फॉर्म भरला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. कॉलेजात नाव न घालता खाजगी विद्यार्थी म्हणून थेट बोर्डाच्या परीक्षेला बसायचं असेल तर हा फॉर्म. तो ऑनलाइन भरायचा, दहावीची मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला जोडायचा. मग एक कॉलेज संपर्क केंद्र म्हणून मिळतं. तिथं कागद जमा करायचे, २० गुणांच्या प्रकल्पाच्या वह्या द्यायच्या आणि हॉल तिकीट घ्यायचं. शिकवायला कोणी नाही. उरलेल्या ८० गुणांचं आपलं आपण बघायचं. दाखल्यासाठी मला पाटणपर्यंत जावं लागलं आणि शाळेच्या शिपायानं मला ओळखलं, पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

विषय सहा: इंग्रजी, मराठी, अर्थशास्त्र, पुस्तपालन आणि लेखाकर्म, वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन, चिटणिसाची कार्यपद्धती. ही भारदस्त नावं फक्त पुस्तकाच्या कव्हरवर. बाकी सगळे अकाउंट्स, ओसी आणि एसपीच म्हणतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण मी छापील घेतली. मोबाइलवर वाचायला बसलं की दोन पानांनंतर माणूस पुतणीच्या बारशाचे फोटो बघत असतो.

अभ्यास सुरू केल्याची बातमी चाळीत पसरायला वेळ लागत नाही. सल्लेही लगेच आले. टाइमटेबल कर आणि भिंतीवर लाव. पहाटे चारला ऊठ. बदाम खा. अमुक गाइडातले अपेक्षित प्रश्न तेवढे कर. आमच्या भागात १४ एप्रिलच्या सुमाराला बाबासाहेबांना मानवंदना म्हणून सलग १८ तास अभ्यासाचे उपक्रम होतात. तिथं जाऊन आलेल्या एका मुलानं मला अगदी मनापासून सांगितलं, "काकी, तुम्ही नुसते सहा तास धरा." मानवंदना म्हणून ते थोरच आहे. पण मी दिवस मांडून बघितला. सकाळचं पाणी, डबे, अकराला पहिली फेरी, दुपारी घर, पाचला दुसरी फेरी, साडेआठला भरणा, मग जेवणं. सलग वेळ म्हणाल तर रात्री दीड तास आणि पहाटे पाऊण तास. एवढ्यावरच भागवायचं होतं.

जागेचा प्रश्न त्याहून मोठा. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत राहतो. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या या चाळी. खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासाचे टॉवर शेजारी उभे राहत होते, पण आमची इमारत अजून जुनीच होती. त्या खोलीत नवरा, सासूबाई, नववीतला मुलगा, मी आणि टीव्ही. सासूबाईंची मालिका दहाला संपते. एका खोलीत अभ्यास कसा करायचा याचं सगळ्यात प्रसिद्ध उत्तर आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलेलं आहे. लोअर परळच्या डबक चाळीत रामजी सुभेदारांनी भीमरावांना लवकर झोपवावं, रात्री दोनला उठवावं आणि मग मोकळ्या झालेल्या जागेवर आपण अंग टाकावं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला त्यात फक्त कष्ट दिसायचे. आता कळलं की ते जागेचं आणि शांततेचं चोख नियोजन होतं.

मला दोनला उठणं शक्य नव्हतं. मी गेले अभ्यास गल्लीत.

पोदार हॉस्पिटलजवळचा सुदाम काळू अहिरे मार्ग. कागदावरचं हे नाव पोस्टमनलाच माहीत, वरळीत ती अभ्यास गल्लीच. दोन्ही बाजूंना झाडं, रहदारी कमी आणि रस्त्याचे दिवे. चाळींतली, पोलिस वसाहतीतली पोरं पिढ्यान्‌पिढ्या इथं येऊन अभ्यास करत आली. कोणी पुस्तक हातात धरून येरझाऱ्या घालतं, कोणी दिव्याखाली बसतं. पहिल्या रात्री मला फार अवघडल्यासारखं झालं. सगळी विशी-बाविशीची, आणि मी साडी नेसून ओसीचं पुस्तक घेऊन. पण तिथल्या पोरांना कोणाकडे बघायला सवड नसते. नवऱ्यानं सुरुवातीचे काही दिवस सोबत केली, मग मुलगा येऊ लागला, त्याचं गणित घेऊन.

तिथं बसून मी जे करत होते ते सगळेच करतात. धडा वाचायचा, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या मार्करनं रंगवायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच धडा वाचायचा. दुसऱ्यांदा वाचताना बरं वाटतं. सगळं ओळखीचं असतं. हेन्री फेयॉलची व्यवस्थापनाची १४ तत्त्वं मी अशी इतक्यांदा वाचली की पान डोळ्यांसमोर दिसायचं. आमच्या वरच्या मजल्यावरचा एक मुलगा सीए करतोय. तोही गल्लीत असायचा. त्याला मी म्हटलं, फेयॉल झाला बाबा एकदाचा. त्यानं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, मिटलं, स्वतःच्या मांडीखाली ठेवलं आणि एक पाठकोरा कागद पुढे केला. "लिहा काकी. चौदाच्या चौदा. क्रम चुकला तरी चालेल."

नऊ-दहा आली. मग पेन अडलं. डोळ्यांसमोर पान होतं, पिवळा रंगही होता, पण रंगाखालची अक्षरं नव्हती. मी पुस्तक मागितलं तर देईना. म्हणे, "अजून दोन मिनिटं अडून बसा. अडलंय तिथंच शिकताय." डोकं खाजवून आणखी एक आठवलं. उरलेली पुस्तक उघडून बघितली तेव्हा समतेचं तत्त्व आणि शिस्तीचं तत्त्व अशी काही ठसली की आज झोपेतून उठवून विचारलं तरी आधी तीच दोन सांगेन.

त्या रात्रीनंतर माझ्या दीड तासाची वाटणी बदलली. धडा एकदाच, पण सावकाश वाचायचा. मग पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर जे आठवेल ते ओबडधोबड लिहून काढायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनानं भरायचं. दुसऱ्या दिवशी वाचायचं नाही, थेट कोरा कागद घ्यायचा. पेढीतल्या रद्द झालेल्या छापील फॉर्मांची मागची बाजू त्या वर्षी भरपूर खर्ची पडली. एक सांगते, ही पद्धत सुरुवातीला अपमान करते. वाचत बसलं की तास कसा छान जातो, आणि इथं दहा मिनिटांत आपल्याला काय येत नाही ते समोर येतं. गल्लीतली बरीच पोरं याच कारणानं पुन्हा पिवळ्या मार्करकडे वळलेली मी बघितली.

असं का होतं हे मी निकालानंतर कुतूहलानं शोधलं, त्या सीएवाल्या मुलाच्या मदतीनं. अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोघांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. यातली पाच मिनिटांची बाब मला जास्त महत्त्वाची वाटते. पुन्हा वाचून उठल्यावर जो आत्मविश्वास येतो तो खोटा नसतो. त्याची मुदत फक्त फार थोडी असते.

तसं बघितलं तर हे आपल्याकडे नवीन कुठं आहे? सासूबाई चौथी शिकलेल्या, पण पावकी, निमकी, दीडकी हे अपूर्णांकांचे पाढे अजून तोंडपाठ. दिवेलागणीला शुभंकरोती झालं की परवचा. पुस्तक समोर नाही, वडील समोर, आणि अडलं की मागच्या पाढ्यापासून पुन्हा. रोज थोडं, न बघता, मोठ्यानं. आमच्या पिढीनं परवचा सोडला तो घोकंपट्टी म्हणून. अर्थ न कळता पाठ करणं वाईटच, पण त्या नादात न बघता आठवण्याची सवयही गेली, असं माझं मत आहे.

आता माझ्या कार्डांच्या खोक्याविषयी. अकाउंट्स आणि एसपीमध्ये बारीकसारीक नियम फार. ते सगळे रोज उजळायला बसलं तर नवीन धडा कधी होणार? सीएवाल्यानं मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून कप्पे करून दिले. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची कार्डं. पुढे प्रश्न, मागे उत्तर. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. उत्तर बरोबर आलं की कार्ड दुसऱ्या कप्प्यात, तो तीन दिवसांनी. तिथंही आलं की तिसऱ्यात, तो आठवड्यानं. चुकलं की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन विज्ञानलेखकानं १९७० च्या दशकात ही युक्ती लोकप्रिय केली. तिच्या मुळाशी त्याहून जुनं काम आहे. हेर्मान एबिंगहाउस यानं १८८५ मध्ये निरर्थक अक्षरजोड्या स्वतःच पाठ करून, स्वतःच विसरून, विसरण्याचा वेग मोजला होता. विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं आणि मग मंदावतं. मध्ये अंतर सोडून उजळणी केली तर तेवढ्याच कष्टात जास्त टिकतं.

एक कार्ड दाखवते. विनिमय विपत्राचा, म्हणजे हुंडीचा धडा. पुढे लिहिलंय: "१२ मे, ३ महिने. देय तारीख?" बारा मेपासून तीन महिने म्हणजे १२ ऑगस्ट. त्यात सवलतीचे तीन दिवस मिळवले की १५ ऑगस्ट. इथं थांबलात तर चूक. पंधरा ऑगस्ट सार्वजनिक सुट्टी, आणि देय तारीख सुट्टीच्या दिवशी येत असेल तर पैसे आदल्या दिवशी द्यायचे. उत्तर १४ ऑगस्ट. हे कार्ड माझ्याकडून इतक्यांदा पहिल्या कप्प्यात परत आलं की मुलगा त्याला बूमरँग म्हणायचा. मग मीच त्यात भर घातली. मागच्या बाजूला कारणही लिहिलं आणि नुसतं उत्तर बरोबर आलं तरी कारण सांगता आल्याशिवाय कार्ड पुढे सरकवायचं नाही असं ठरवलं. तेव्हा कुठं ते तिसऱ्या कप्प्यात जाऊन बसलं. कार्डं लिहिताना एक काळजी घ्या. एका कार्डावर एकच प्रश्न. सुरुवातीला मी एकावर कंपनी सचिवाची सगळी कर्तव्यं लिहिली होती. ते कार्ड कधी धड बरोबरही येईना आणि धड चूकही.

खोकं घरी असायचं, पण रोजच्या पहिल्या कप्प्यातली दहा-बारा कार्डं माझ्या पावती मशीनच्या पाऊचमध्ये. आणि माझा खरा अभ्यास तिथंच झाला, पिग्मीच्या फेरीत. किराणा दुकानातून निघताना एक कार्ड बघायचं, फक्त प्रश्न. पुढच्या टेलरच्या दुकानापर्यंत उत्तर मनात जमवायचं, आणि टेलरच्या पायरीवर कार्ड उलटायचं. मध्ये कोणी भेटलं, सिग्नल लागला, तरी चालतं. प्रश्न डोक्यात पडून असतो. दुकानदारांना हळूहळू कळलं. एक इस्त्रीवाले काका तर पैसे देण्याआधी कार्ड माझ्या हातून घेऊन प्रश्न विचारायचे. उत्तर आलं नाही तर म्हणायचे, "आज खातं बंद." पिग्मीचं तरी दुसरं काय असतं? रोजचे पन्नास रुपये कोणाला जाणवत नाहीत, पण एखाद्यानं वर्षाचे एकदम भरतो म्हटलं की त्याचं खातं बुडालंच म्हणून समजा.

अकाउंट्सचं मला आधी भय नव्हतं. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, नावे-जमा हे रोज कानांवर पडणारे शब्द. पण भागीदारीच्या धड्यांनी घाम काढला. भागीदाराचा प्रवेश, निवृत्ती, मृत्यू आणि मग संस्थेचं विसर्जन, असे धडे ओळीनं आहेत आणि दिसायला सख्खी भावंडं. प्रवेशाची गणितं एका बैठकीत सलग केली की हात बसतो. त्यागाचं प्रमाण म्हणजे नफा वाटण्याच्या जुन्या प्रमाणातून नवं वजा, पुनर्मूल्यांकन खातं, ख्याती, झालं. मग निवृत्तीची सलग. तिथं लाभाचं प्रमाण, म्हणजे नव्यातून जुनं वजा. तीही जमली. दिवाळीच्या आधी सगळे धडे झाले या आनंदात मी मागच्या वर्षीचा पेपर घेतला, आणि वस्तुनिष्ठ प्रश्नांतच वजाबाकी उलटी-सुलटी व्हायला लागली. विसर्जनाच्या गणितात मी पुनर्मूल्यांकन खातं उघडून मोकळी. तिथं लागतं वसुली खातं.

गणित करता येत होतं. कुठलं गणित आहे हे ओळखता येत नव्हतं. एकाच धड्याची दहा गणितं ओळीनं करताना ओळखण्याचं काम आपण करतच नाही, ते धड्याच्या शीर्षकानं आधीच केलेलं असतं. मग मी प्रत्येक धड्यातली गणितं झेरॉक्स काढून कातरली, वरचं शीर्षक कापून टाकलं आणि सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत घातल्या. रात्री पिशवीत हात घालून येईल ते गणित. वाचायचं आणि आधी एकच ओळ लिहायची: कोण आलं, कोण गेलं की दुकानच बंद झालं? आलं तर त्याग, गेलं तर लाभ, बंद झालं तर वसुली खातं. त्या खात्याला रोख आणि बँक सोडून बाकीची मालमत्ता नावे टाकायची. बरेचदा पूर्ण गणित सोडवायचेही नाही, नुसती ओळख पटवून आणि पहिल्या दोन नोंदी लिहून चिठ्ठी परत पिशवीत. सुरुवातीला वेग निम्म्यावर आला आणि वाटलं की होतं तेही गेलं. पुढे कळलं की यावरही प्रयोग झालेला आहे. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना चार प्रकारच्या घनाकृतींचं घनफळ शिकवलं. एकेक प्रकार सलग करणाऱ्यांना सरावाच्या वेळी जास्त मार्क, पण आठवड्यानंतरच्या परीक्षेत त्यांना २० टक्के आणि सरमिसळ करणाऱ्यांना ६३ टक्के. तो आकडा आधी माहीत असता तर त्या पंधरवड्यात मी जरा कमी रडकुंडीला आले असते.

अर्थशास्त्राचं श्रेय सासूबाईंचं. तिथं "मागणीतील विचलन" आणि "मागणीतील बदल" असे दोन प्रकार आहेत. किंमत बदलल्यामुळे मागणी वर-खाली झाली तर पहिला, त्यात विस्तार आणि संकोच. किंमत तीच असून दुसऱ्या कारणानं झाली तर दुसरा, त्यात वृद्धी आणि ऱ्हास. व्याख्या मला पाठ होत्या. पण पाठ आहे म्हणजे कळलं आहे का, हे तपासायला कोणालातरी सांगून बघावं लागतं, आणि घरात त्या वेळी मेथी निवडत फक्त सासूबाई होत्या.

मी म्हटलं, "आई, पापलेटचा भाव वाढला की तुम्ही काय करता?"

"बोंबील आणते."

"तो पापलेटच्या मागणीचा संकोच. आणि श्रावण लागला की?"

"श्रावणात कुठं मासे खातो आपण?"

"म्हणजे भाव वाढलेला नसतानाही मागणी कमी. तो ऱ्हास."

त्यांनी मेथीची काडी बाजूला टाकली. "पण श्रावणात भाव उतरतो की गं. उतरला तर घेणाऱ्यानं जास्त घ्यायला पाहिजे ना, तुझ्या पुस्तकाप्रमाणं?"

माझी बोलती बंद. रात्री गल्लीत त्यावर आकृती काढत बसले. मागणीचा सगळा वक्रच डावीकडे सरकतो, आणि भाव उतरतो तो त्याचा परिणाम म्हणून. कारण आणि परिणाम उलटे धरले की गोंधळ. शिवाय जून-जुलैत मासेमारीबंदी असते तेव्हा भाव चढतो तो पुरवठ्यानं, आणि १ ऑगस्टपासून होड्या परत निघतात, म्हणजे श्रावणात भाव उतरण्यात पुरवठ्याचाही हात. सकाळी मी हे सगळं त्यांना परत सांगितलं. त्या म्हणाल्या, "हां, आता बरोबर." चिंबोरीपासून सुक्या जवळ्यापर्यंत सगळं अर्थशास्त्र आम्ही असंच केलं. ज्याला विषय येत नाही पण व्यवहार कळतो असा श्रोता मिळाला तर सोडू नका. गल्लीतल्या ग्रुप स्टडीपेक्षा तो बरा. तिथं पहिली वीस मिनिटं अभ्यास आणि मग पोलिस भरतीच्या जागांची चर्चा.

झोपेबद्दल फार लिहीत नाही. मी साडेअकराला गल्लीतून उठायचेच, धडा अर्धा राहिला तरी. जागून केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी फेरीत कार्डं उलटताना लगेच उघडा पडायचा. मोबाइल रात्री घरी राहायचा. पहाटेच्या पाऊण तासात, पाणी भरून झाल्यावर, आदल्या रात्रीचा कोरा कागद पुन्हा एकदा. टाइमटेबल मी केलं नाही. सणासुदीत, आजारपणात ते दोन दिवसांत मोडतं आणि मग मोडल्याचं दुःख करण्यात आठवडा जातो. दिवाळीत मी गल्लीत गेले नाही, पण पाऊचमधली कार्डं फराळाच्या घाण्यापाशीही होती. दोन कार्डांवर तेलाचे डाग आहेत.

डिसेंबरपासून दर रविवारी जुना पेपर, पूर्ण तीन तास, घड्याळ लावून. यासाठी दादर-नायगावची एक अभ्यासिका गाठायचे, कारण घरी रविवार म्हणजे पाहुणे. पेपर सोडवण्यापेक्षा तपासण्याला जास्त वेळ द्यायचा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचं एक कार्ड व्हायचं आणि पहिल्या कप्प्यात जायचं. तीन तास हातानं लिहिण्याची सवयही गेलेली असते. पहिल्या रविवारी शेवटचा अर्धा तास बोटं वळत नव्हती.

परीक्षा ११ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झाली. पेपर अकरा ते दोन, आणि शेवटी जादाची दहा मिनिटं. शेजारच्या बाकावरच्या मुलीनं मला सुपरवायझर समजून पुरवणी मागितली. अकाउंट्सच्या पेपरला पहिल्याच २० गुणांच्या वस्तुनिष्ठ प्रश्नात त्याग आणि लाभ आला तेव्हा मी मनात "आलं की गेलं" एवढंच म्हटलं आणि पुढे सरकले. ५ मेला दुपारी एकला निकाल लागला. साइट उघडेपर्यंत नवरा पेढे घेऊनही आला होता. अकाउंट्स ७८, अर्थशास्त्र ७१, ओसी-एसपी साठीच्या घरात. क्लार्कची जागा मधल्या काळात भरली गेली. पुढची निघेल तेव्हा अर्ज आहेच, तोवर फेरी चालू.

इंग्रजीत मात्र ४३. माझी पद्धत तिथं तोकडी पडली आणि का पडली ते सांगितलं पाहिजे. शब्दार्थ, व्याकरणाचे नियम कार्डांवर बसले. पण पत्र, सारांश, मुलाखतीचे प्रश्न हे स्वतःच्या वाक्यांत लिहायचं असतं, आणि मी लिहिलेलं बरोबर की चूक हे कार्डाच्या मागे छापलेलं नसतं. एकटीनं आठवता येतं, एकटीनं सुधारता येत नाही. तपासणारा माणूस लागतो, आणि तो चार-दोन दिवसांत लागतो. महिन्यानं तपासून मिळालेल्या वहीतल्या चुका आपल्याला आपल्या वाटतच नाहीत.

आता बीकॉमला दूरशिक्षणातून नाव घातलंय, आणि तिथंही इंग्रजी आहे. समोरच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांचीही पिग्मी माझ्याकडेच. त्यांच्याशी ठरवून घेतलंय. सोमवारी पैसे घ्यायला जाताना एक पानभर लिहिलेलं द्यायचं, गुरुवारी तपासलेलं परत घ्यायचं आणि तेच पान, चुका न बघता, पुन्हा लिहायचं. परवाच्या पानावर सात लाल खुणा होत्या. त्यातल्या चार मागच्याच आठवड्याच्या, म्हणून त्या चारांची कार्डं केली. बाकीच्या तीन बाईंनी दारातच उभ्याउभ्या समजावल्या आणि मी पावती काढायची विसरले, तेव्हा संध्याकाळी पुन्हा जावं लागलं.